किट म्हणजे अजून न जोडलेलं

नवरा कानिफनाथ गेला त्याच्या तिसऱ्या महिन्यात सत्यशीला त्याच्याच कंपनीत कामाला लागली. नागापूर एमआयडीसीत शेतीपंपाचे स्टार्टर बनवणारी ती छोटी कंपनी. तो तिथं अकरा वर्षं होता. नेवाशाहून मोटारसायकलवर परत येताना टेम्पोनं उडवलं, एवढं तिला माहीत होतं. त्याहून जास्त तिनं कधी कुणाला विचारलं नाही. मालकांचा निरोप आला, बाई येत असतील तर लाईनवर घेतो. सासू गोजरबाई म्हणाली, "जा. घरात बसून तरी काय करशील?" म्हणून ती गेली.

ती रडली नव्हती. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, नंतर एकटी असतानाही नाही. धक्का बसलाय, उतरेल, असं बायका म्हणत. तो उतरला नाही. ती जेवायची, झोपायची, धुणं वाळत घालायची. चहात साखर होती का, हे तिला चहा पिऊन झाल्यावरही सांगता आलं नसतं.

लाईनवर तिला स्क्रू आवळायचं काम मिळालं. हात चालत होते. अडचण आली ती पाट्यांची. नववीपर्यंत शिकलेली असल्यामुळे इंग्रजी अक्षरं तिला लागायची, पण त्यांचा अर्थ लागत नसे. पाचव्या आठवड्यात एकसारख्या खोक्यांचे दोन ढीग आले. एकावर लिहिलं होतं 'किट', दुसऱ्यावर 'असेंब्ली'. तिनं दोन्हींना सारखीच पट्टी मारली आणि तयार स्टार्टर म्हणून पुढं पाठवली. नुसते सुटे भाग असलेली चाळीस खोकी ट्रकमधून परत उतरवावी लागली.

लाईनचा प्रमुख अलीम कानिफनाथचा जुना दोस्त. तो टेबलापाशी आला तशी ती उठून उभी राहिली.

"बोला काय बोलायचंय ते, अलीमभाई."

अलीमनं स्टूल ओढलं आणि एक खोकं उघडून तिच्यापुढं ठेवलं.

"वहिनी, हे किट. सगळे पार्ट हायेत, पन जोडलेले न्हाईत. असेंब्ली म्हंजे जोडून झालेलं."

"अन् सेट?"

"कपबश्यांचा असतो ना, तसा. एकमेकांसंगं असत्यात, पन कुनी कुनाला जोडलेलं नसतं."

"सब-असेंब्ली म्हंजे?"

"जोडलेलंच, पन तेवढ्यानं काम भागत न्हाई. पुढं मोठ्या कशात तरी बसायचं असतं."

तेव्हापासून चहाच्या सुट्टीत रोज एक शब्द व्हायचा. शेजारच्या टेबलावरची भागूबाईही येऊन बसू लागली. हार्नेस म्हणजे मापात कापून, टोकं लावून बांधलेला वायरांचा जुडगा. एक दिवस अलीमनं कॉइलच्या खोलीतले दोन डबे आणले आणि म्हणाला, "हे कंपाउंड. कॉइलवर वतायचं."

"कंपाउंड म्हंजे भिंत की वो!" भागूबाई म्हणाली.

अलीम हसला. दोन्ही डब्यांतलं थोडं थोडं त्यानं कागदाच्या कपात कालवलं. सुट्टी संपेपर्यंत त्याचा दगड झाला. "असेंब्ली स्क्रू काढून सुटी करता येती. हे एकदा कालवलं की सुटं हुत न्हाई."

"आमच्या घरच्या मालकावानी!" भागूबाई म्हणाली आणि सगळा कोपरा हसला. सगळे हसताहेत हे पाहून सत्यशीलेनंही ओठ हलवले.

शब्द मात्र तिच्यात राहिले. दीड वर्षात तिला ड्रॉइंग वाचता येऊ लागलं आणि ती वायरिंगच्या टेबलावर गेली. तिच्या हातचा हार्नेस तपासणीतून परत येत नसे. त्याचं कौतुक झालं तर ती मान हलवायची आणि पुढची वायर उचलायची.

अपघाताला दोन वर्षं होत आली तेव्हा मोटारसायकल घेऊन जा, असा पोलिसांचा फोन आला. अलीम बरोबर गेला. ठाण्याच्या मागं उन्हापावसात पडलेली गाडी गंजली होती. दिवा फुटलेला, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. फाटकाशी एक भंगारवाला उभाच होता. "बाई, पार्ट म्हनून द्या. इंजिन घेतो, चाकं घेतो. बाकीचं निस्तं लोखंड."

अलीमनं तिच्याकडं पाहिलं. ती गाडीसमोर बराच वेळ थांबली. आत काहीतरी होईल, अशी वाट बघत होती. काही झालं नाही. मग तिनं वाकून हॅंडलखालच्या वायरी बाहेर ओढल्या आणि बोटांनी चाचपल्या.

"हार्नेस गेलाय," ती म्हणाली. "बाकी जुळंल. टेम्पो बोलवा."

बोल्हेगावातल्या त्यांच्या खोलीसमोर चार रविवार ते काम चाललं. इंजिन आणि पुढच्या चाकाचा फोर्क गल्लीतल्या मेकॅनिकनं केला. वायरिंगला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. जुना जुडगा पोत्यावर पसरून तिनं एकेक वायर टेपनं मोजली, तशा नव्या कापल्या, टोकं दाबली. गोजरबाई उंबऱ्यात गहू निवडत बसलेली.

"माझ्या लेकराची गाडी ती," गोजरबाई एकदा म्हणाली. "तुला कायच वाटत न्हाई का गं?"

"न्हाई, आत्या. हाताला वायर लागती तेवढी कळती."

गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. "मलाबी तसंच हुतं. ह्याचा बाप गेल्ता तवा. चार वरसं."

"मग?"

"मग काय. एक दिवस चूल फुंकताना डोळ्यात धूर गेला, अन् दिवस मावळेपत्तुर रडले."

सत्यशीलेनं ऐकून घेतलं. मग पक्कड उचलून पुढचं टोक दाबलं.

चौथ्या रविवारी दिवा लागला, हॉर्न वाजला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. गोजरबाईनं पदर तोंडाशी धरला, शेजारच्या बायका बाहेर आल्या. इंजिन कुठं अडखळतंय का हे ऐकत सत्यशीला थोडा वेळ उभी राहिली. मग पेट्रोल उगाच जळतंय म्हणून तिनं चावी फिरवली.

सोमवारी ती कंपनीत गाडीवर गेली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कानिफनाथनं तिला कॅनॉलच्या कडेनं शिकवली होती, दुसऱ्या गिअरपर्यंत. त्याच गिअरवर ती गेटपर्यंत आली. दोस्ताची गाडी येताना पाहून गेटजवळ बसलेला अलीम उठून उभा राहिला. चष्मा पुसायला त्याला बराच वेळ लागला.

"वहिनी, तिसरा टाकायचा की. इंजिन वरडतंय."

"तिसरा शिकवला न्हाई त्यांनी," ती म्हणाली.

बोलताना तिचा आवाज मध्येच चिरकला. तो तिला स्वतःलाच ऐकू आला. ती तशीच गाडीवर बसून राहिली, आणखी काही येतंय का बघत. काही आलं नाही. पाच-सहा बायका तिच्या शेजारून आत गेल्या, भोंगा झाला.

तिनं गाडी स्टॅंडला लावली, पदर खोचला.

"आज कुठला लॉट हाय, अलीमभाई?"

अलीमनं सांगितलं. ती आत गेली.