तीन आणि चारच्या मधे

"थांबा, थांबा!" पुंडलिकभाऊंनी तिसऱ्यांदा गाणं बंद केलं. "कोन पळून राह्यलं बे?"

आमच्या ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस अमरावतीत भाऊंच्या मंडप-डेकोरेशनच्या गोडाऊनमध्ये, गाद्यांच्या ढिगात चालायची. 'पळणं' म्हणजे ठरलेल्या लयीच्या पुढे जाणं. असा प्रश्न आला की वाजवणारे सगळे आपापल्या वाद्यात काहीतरी शोधू लागतात. मी मात्र मान वर करून, अकरा वर्षं गिटार वाजवणाऱ्याच्या रुबाबात सांगितलं, "भाऊ, ढोलकी पुढं जाते."

ढोलकीवर रहीमचाचा होते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. ते ढोलकीची दोरी ओढत बसले.

ती वर्षं वाईट होती. कापसानं सगळ्यांनाच दगा दिला होता. लग्नं जेवणं झाली की उरकत होती. ऑर्केस्ट्रा ठरवायला आलेला माणूस आधी विचारायचा, "चार जनात नाई होत का?" भाऊंनी रिदम मशीन आणलं होतं. बटण दाबलं की त्यातून ढोलकी वाजते आणि ते जेवायला बसत नाही. भाऊ म्हणाले, "चाचा, रविवारचं अकोल्याचं लग्न पाहू. तिथंबी पळालं, त मंग मशीन."

माझ्या एका वाक्यानं एका माणसाचं काम टांगणीला लागलं. मला वाईट वाटलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटलं. चाचा पळतात अशी माझी खात्रीच होती.

आम्ही दोघंही बडनेऱ्याचे. परतीच्या ऑटोत चाचा म्हणाले, "एक काम कर. घरी वाजवतानी तोंडानं मोज. एक, दोन, तीन, चार. जोरानं. शेजाऱ्याले ऐकू गेलं पाह्यजे."

"चाचा, मी काय नवीन हाव का?"

"नाई ना. म्हनून त एका दिवसात होईन तुह्यं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची चूक सिद्ध करायलाच मी गिटार घेतली. एक, दोन, तीन वाजवले. चारवर एफ कॉर्ड येणार होता. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर. एफमध्ये पहिलं बोट दाराच्या अडसरासारखं सहाही तारांवर आडवं टाकावं लागतं. "तीन" म्हणालो आणि माझं तोंड बंद झालं. बोट जागेवर बसलं, तेव्हा कुठे "चार" निघालं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तोंड जबरदस्तीनं चालू ठेवलं, तर बोटं भलतीकडेच पडली.

स्वयंपाकघरात बायको भाकरी थापत होती. थप, थप, थप, थप. तिथं कुठेही खंड नव्हता.

"तीनानंतर तुमी जाता कुठी हो?" तिनं आतून विचारलं.

"कुठी नाई. कॉर्ड बदलतो."

"मंग तवरक चारले बाहेर उभं ठेवता का?"

भिंतीपलीकडे रेल्वेतले रिटायर्ड गार्ड राहायचे. तेही ओरडले, "मास्तर, सकाळपासून ऐकून राह्यलो, तुमची चार नंबर दर टायमाले लेट!"

मग लक्षात आलं. चाचा वेळेवर पोचत होते. मी उशिरा पोचून मान वर करायचो आणि ते पुढे दिसायचे. उशिरा स्टेशनवर आलेला माणूस गाडी लवकर सुटली म्हणून भांडतो, तसा मी अकरा वर्षं भांडत होतो.

त्याच दिवशी भाऊंकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. रविवारपर्यंत गुपचूप सुधारू, म्हणजे चाचाही वाचतील आणि आपणही, असा हिशोब केला. चार दिवस मोजून मोजून घर दणाणून सोडलं. मोठ्यानं मोजलं की हात तोंडाच्या मागे बरोबर जायचा. मनात मोजलं की तीन पुन्हा लांबायचा.

अकोल्याला भर दुपारी पंगत बसली आणि आम्ही सुरू झालो. कोरससाठी माझ्यासमोर एक माईक होता. मी हळू आवाजात मोजत होतो. एफ जवळ आला तशी भीती वाढली आणि आवाजही वाढला. चारही भोंग्यांतून घुमलं, "एक! दोन! तीन! चार!"

पोळ्या वाढणारा माणूस टोपली घेऊन जागीच थांबला. आता पोळ्या मोजून वाढायच्या की काय, असं त्याला वाटलं. पंगतीतले एक म्हातारे ओरडले, "अरे बाप्पा, टेस्टिंग झालं असंन त गानं म्हना ना!"

भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प झालो. पुढच्याच एफला तीन लांबला, गाणारी बाई अडखळली आणि भाऊंनी सरळ चाचांकडे पाहिलं. गाणं संपताच म्हणाले, "पायलं ना चाचा? आता मशीन लावतो."

चाचा ढोलकीवर खोळ चढवू लागले.

"भाऊ, चाचा नाई पळत," मी म्हणालो. "मी मागं राहतो."

माईक चालूच होता. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"कधीपासून?" भाऊंनी विचारलं.

"अकरा वर्षं झाली."

पंगत हसली. तेच म्हातारे पुन्हा म्हणाले, "मंग मोजू द्या ना त्याले! कोनाच्या बापाचं काय जाते?"

भाऊंनी माझा माईक काढला आणि मला मागे जनरेटरजवळ बसवलं. तिथं मी दुपारभर घसा फोडून मोजलं. चाचांनी खोळ काढली. मशीन गोडाऊनमध्ये गाद्यांखाली गेलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी विचारलं, "चाचा, तुमाले माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं, त तू काय म्हनला असता?"

मी काय म्हणालो असतो, ते प्रॅक्टिसला माझं म्हणून झालंच होतं. त्यांनी डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्यापुढे केली.

आता मी अमरावतीत गिटार शिकवतो. पहिला महिना सगळ्यांना मोठ्यानं मोजायला लावतो. आम्ही गिटारची फी भरली की पाढ्यांची, असं आईवडील विचारतात. अधूनमधून एखादा विद्यार्थी तक्रार घेऊन येतो, "सर, आमचा तबलावाला पळतो." मी त्याला समोर बसवतो, एफ वाजवायला सांगतो आणि मोठ्यानं मोज म्हणतो.

आजवर एकही तबलावाला पळताना सापडलेला नाही.