मौलालीचाचांची हेलिकॉप्टरं

मौलाली शिकलगार कधी हेलिकॉप्टरमध्ये बसले नाहीत. जवळून पाहिलं तेही एकदाच, महापुराच्या साली शिरोळकडं. सुटकेचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं, लोक बिस्किटांच्या पुड्यांकडे धावले, आणि चाचा गुडघाभर चिखलात उभे राहून वर पात्यांच्या सांध्याकडं बघत बसले.

"पावणं, सरा की मागं!" एक पोलीस ओरडला.

"सरतो की. पन ही पाती फिरता फिरता तिरकी कशी हुतात, तेवढं इचारून सांगा."

शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं फिटर, आणि गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाचा हलता देखावा करणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख. ट्रकच्या वायपरची मोटर, सायकलचं चाक, प्लायवूड आणि पत्रा यांतून ते काहीही हलवायचे. पहिलं हेलिकॉप्टर त्यांनी कारगिलच्या साली केलं. सामान वाहणारं, पोटाळं, आणि दोन्ही बाजूंना रॉकेटच्या नळ्या. पोरं हसली, "चाचा, म्हशीला शिंगं बांधलीसा व्हय!" मग बऱ्याच वर्षांनी अमेरिकी अपाचे केलं, डोक्यावर भाकरीच्या टोपल्याएवढं रडार घेतलेलं. त्या वर्षी हसणारं कोणी नव्हतं.

तिसरं करताना मात्र त्यांना गुरू भेटला. गल्लीच्या टोकाला बायडाबाईंचा गोठा. चार म्हशी, आणि त्या म्हशींच्या दुधावर शिकून सैन्यात पायलट झालेला एकुलता एक उदयसिंह. तो हल्ल्याच्या हेलिकॉप्टरवर होता. सुट्टीला आला की चाचांच्या शेडमध्ये बादली पालथी घालून बसायचा.

"चाचा, कारगिलला उंचीवर हवा इरळ. हल्ल्याची जड हेलिकॉप्टरं तितं चढंनात. म्हणून सामानाच्या हेलिकॉप्टरला नळ्या बांधल्या. त्यातनंच मग आपल्याकडं हे बारीक अंगाचं केलं, डोंगरावर चढणारं."

"आनि माणसं किती?"

"दोनच. एकामागं एक. पुढचा जरा खाली बसतोय, मागचा उंचावर. पुढच्यानं मान वळवली, की नाकाखालची बंदूक तिकडंच वळती."

"मान वळवली की?" चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "मला तसं करून दाव."

उदयनं मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. त्या वर्षीच्या देखाव्यात बाहुल्याची मानही तशीच वळली आणि खालची बंदूकही. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

गेल्या दिवाळीत तो जरा गप्प होता. "आता दिस बदललं चाचा. पूर्वी रणगाड्यावर जाऊन पडायचं. आता खाली एखादा खांद्यावर रॉकेटची नळी घेऊन बसला, की आमचं संपलं. त्यात ड्रोन. त्यामुळं डोंगराआड लपायचं, जरा डोकं वर काढायचं, लांबनं मारायचं, परत खाली."

"मंजे चोर-पोलीस."

"तसंच म्हणा की."

फेब्रुवारीत उत्तरेकडच्या डोंगरात, सरावाच्या उड्डाणात, धुक्यात त्याचं हेलिकॉप्टर कड्याला धडकलं. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता. उदय पुढच्या सीटवर होता. दोघंही गेले.

आषाढात मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष अमरसिंह, उदयचा शाळेतला दोस्त. वाईट नव्हे, पण पहिल्या नंबरासाठी जीव टाकणारा. "औंदा देखावा उदयवरच. चाचा, हेलिकॉप्टर वर जातंय, धुकं येतंय, कड्यावर आपटतंय. जाळ, धूर, मग तिरंगा आनि फोटो. बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पायजे!"

चाचांनी होकारानं मान डोलावली. पाडणं सोपं होतं. दोरीचा खटका सोडला की झालं.

चार दिवसांनी बायडाबाई शेडच्या दारात उभ्या. हाताला शेण तसंच.

"मौलालीदादा, त्याला पाडनार हाईसा म्हनं?"

चाचा उठून उभे राहिले.

"त्यो एकदा पडला. तुमी संध्याकाळी सातला चालू करनार, दर वीस मिनिटाला पाडनार, धा दिवस. मी म्हशी टाकून कुटं जाऊ, सांगा?"

"आक्का... मग काय करू?"

"उतरवा की. बाकीची उतरत्यात, तसं."

त्याच संध्याकाळी अमरसिंहशी वाजलं.

"नुसतं वर जाऊन खाली आलं तर तो देखावा हाय का पाळणा? नंबर जाईल चाचा! वर्गणी दिलेल्यांना काय सांगू?"

"सांग, मौलालीला पाडायला येत न्हाय."

"आवो, त्याच्यासाठीच चाललंय की हे!"

"त्याच्या आईला इचारलंस?"

अमरसिंह उठून गेला. पण दुसऱ्या दिवशी लोखंडी अँगल घेऊन तोच आला, आणि ते उतरवून ठेवले.

पाडण्याला खटका पुरतो, उतरवायला अकरा दिवस लागले. हेलिकॉप्टर डुलायचं, तिरकं व्हायचं, शेवटच्या हातभर अंतरात धाडकन बसायचं. चाचांनी लिफ्टचा जुना गिअर बसवला, चाकांखाली स्प्रिंगा दिल्या. चाकं टेकली की ती किंचित दबायची, आणि मग पाती हळूहळू थांबायची. उदयनं सांगितलं होतं तसं.

पहिल्या दिवशी गल्ली भरून गेली. बायडाबाई पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर, शेजारी रिकामी किटली. हेलिकॉप्टर डोंगराआडून वर आलं. धुकं आलं. पुढच्या बाहुल्यानं मान वळवली. मग ते धुक्यातून सावकाश खाली आलं आणि टेकलं. चाकं दबली. पाती थांबली. टाळ्या वाजल्या. अमरसिंहनंही वाजवल्या, डोळे पुसत.

बायडाबाई हलल्या नाहीत. पुढच्या खेळाची माणसं मागून ढकलत होती.

"आक्का, झालं," चाचा जवळ येऊन म्हणाले.

"उघडा की."

"काय?"

"दार. पुढचा, खालच्या शिटावरचा. आला न्हवं खाली? काढा त्याला भाईर."

चाचांनी काचेकडं पाहिलं. काच डिंकानं कायमची चिकटवलेली. आणि बाहुले? देखाव्यात दिसतं तेवढंच करतात.

"आक्का," ते अगदी हळू म्हणाले, "त्येला खाली काय न्हाय. छातीपतोरच केलाय."



"त्याची पेटी आली, ती बी उघडू दिली न्हवती मला," बायडाबाई म्हणाल्या. "उघडू नका आई, म्हनले सैन्यातले. मी बी न्हाय उघडली."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ, चालू करा की!"

त्यांनी किटली उचलली. "मग वरच ऱ्हाऊ द्या त्याला, दादा. खाली नका आनू."

चाचांनी बटण दाबलं. हेलिकॉप्टर डोंगराआडून वर आलं, धुक्यात शिरलं, आणि चाचांनी खाली उतरवायचा गिअर सोडवून टाकला. ते तिथंच थांबलं, हवेत, पाती फिरत. त्या संध्याकाळपासून ते खाली आलंच नाही. सातपासून दहापर्यंत नुसती पाती फिरायची. बघणारे पाच मिनिटं थांबायचे, काही होईना म्हणून पुढच्या मंडळाकडं जायचे. सहाव्या दिवशी परीक्षक आले.

"सुरू कधी होणार?"

"हे चालूच हाय सायेब," अमरसिंह म्हणाला.

"आणि संपतं कुठं?"

त्यानं चाचांकडं पाहिलं. चाचा मोटरीवर ओलं पोतं धरून बसले होते. इतका वेळ चालायला ती मोटर केलेलीच नव्हती. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि ते गेले.

बायडाबाई धार काढायच्या आधी दाराशी येऊन एकदा वर बघायच्या, आणि आत जायच्या.

विसर्जनाच्या दुपारी मांडव सोडायचा होता. शेवटचा दिवस म्हणून चाचांनी त्या दिवशी मोटर सकाळपासूनच चालू ठेवली होती. अमरसिंह शिडी घेऊन आला. "चाचा, खाली घ्यावं लागंल."

"थांब."

चाचांनी पुढचा पडदा ओढला, दोन्ही टोकं गाठ मारून बांधली, आणि मगच आत गेले. गल्लीत ढोल वाजत होते, तरी पडद्यामागची मोटर थांबलेली आम्हा सगळ्यांना कळली. बायडाबाईंच्या गोठ्याचं दार आतून लावलेलं होतं.