बाईंनी खोडलेली पाच नावं

बाईंनी माझी यादी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. सहा इंजिनिअरिंग कॉलेजांची नावं. ओसरीवर त्यांची पुतणी अनघा होती, तिचे आईवडील होते. खाली अंगणात माझी आई काजूबिया वाळत घालत होती. वाचून झाल्यावर बाई हसल्या.

"एवढ्याशा मार्कांवर हे? मुंडकारांच्या पोरींनाही आता इंजिनिअर व्हायचंय."

सगळे हसले. अनघा हसली नाही, हे खरं. आईने मान वर केली नाही.

आम्ही त्यांचे मुंडकार, म्हणजे त्यांच्या जमिनीवर घर करून राहणारे. आजोबा सावंतवाडीकडून कोरगावात आले, तेव्हापासून त्यांच्या काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, आमचं घर. पण मी यादी घेऊन गेले ती भाटकारणीकडे, जमिनीच्या मालकिणीकडे नव्हे. माझ्या बाईंकडे गेले. पाचवीपासून गणित त्यांनीच शिकवलं. 'अडलं तर माझ्याकडे ये,' असं त्याच म्हणायच्या. बारावीला मार्क बेताचे पडले, प्रवेश परीक्षेत त्याहून बेताचे. म्हणून तर गेले. यादी कशी करायची हे आमच्या घरात कोणाला माहीत?

बाईंनी लाल पेन घेतलं. पाच नावं खोडली. पहिलं ठेवलं, सगळ्यात वरचं.

"भरायचंच तर हे एकच भर. मिळालं तर मिळालं. उगाच चार ठिकाणी हसं नको."

अर्ज त्यांनी त्यांच्याच कॉम्प्युटरवर भरला. मी शेजारी उभी होते. बाबांच्या मोबाईलवर आलेला ओटीपीचा आकडा मीच वाचून दाखवला. वर 'थँक्यू' म्हटलं.

पहिली फेरी लागली. माझं नाव कुठेच नव्हतं. अनघाला माझ्या यादीतलं चौथं कॉलेज मिळालं होतं. तिला माझ्यापेक्षा मार्क कमी. बसस्टॉपवर तिनेच मोबाईल पुढे केला.

"तू हे का नाही भरलंस? काकू म्हणाली, मार्क कमी असले की यादी लांब ठेवायची. दोन वरची, दोन आपल्या मापाची, दोन हमखास मिळणारी."

म्हणजे बाईंना सगळं माहीत होतं. माझी यादीही तशीच होती. मी न शिकता बरोबर केली होती, आणि त्यांनी ओळखून ती मोडली होती.

तशीच त्यांच्या ओसरीवर गेले. बाई वह्या तपासत होत्या.

"बाई, अनघाला सहा आणि मला एक?"

"अनघाचं वेगळं." मान वर न करता म्हणाल्या. "तुझी सोय केलीय मी. तुये गावातल्या कारखान्यात पॅकिंगला मुली हव्यात. बोलून ठेवलंय."

"कधी बोललात?"

"तुझे मार्क आले तेव्हाच."

म्हणजे यादी वाचून हसल्या त्याच्याही आधी.

"मी पॅकिंगला जाणार नाही," मी म्हटलं. "आणि माझा अर्ज आता मी भरीन."

बाईंनी चष्मा काढून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. अंगणातून आई धावत आली. माझा दंड धरला.

"गप रव गो. त्येंच्या भाटात घर आसा आपला."

मी दंड सोडवून घेतला. आईला तेव्हा दुखलं असणार. मला त्याचं वाईट वाटतं. सोडवून घेतल्याचं नाही वाटत.

दुसऱ्या फेरीचा अर्ज पेडण्याला वाचनालयात बसून मी एकटीने भरला. दोन बोटांनी टाइप करत. उरलेली पाचही नावं घातली. शेवटचं मिळालं. अनघाचं होतं ते चौथं आता भरलं होतं. ते माझं होतं, आणि ते गेलं. आज मी तिसऱ्या वर्षाला आहे, तीन बस बदलून जाते, आणि ते गेलं हे मी विसरत नाही. अनघाशी बोलते. बाई समोर आल्या तर नमस्कार करत नाही.

दर उन्हाळ्यात आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या मुली बेताचे मार्क घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना यादी करायला लावते, अर्ज त्यांच्याच हाताने भरायला लावते. गेल्या मे महिन्यात बाईंनी त्यातल्या एकीला अर्ज भरायला बोलावणं पाठवलं होतं. मी निरोप घेऊन आलेल्या माणसाला दारातूनच सांगितलं, ती येणार नाही. भाट त्यांचा असेल. या वाड्यावरच्या एकाही मुलीचा अर्ज मी त्या ओसरीवर भरू देणार नाही.