तळ्याचे मामंजी

माझे सासरे माणसांशी बोलताना कपाळाला आठ्या घालत आणि माशांशी बोलताना गहिवरत. गावात त्यांना तळेबुवा म्हणत. बुवा, कारण गळ्यात तुळशीची माळ. मासळीचा वास आला तरी आंघोळ करणारा हा माणूस, आणि नोकरी कसली, तर साहेबाच्या गळासाठी मासे वाढवायची! माळ घालून हे कसलं काम, असं सासूबाईंनी एकदा विचारलं. मामंजी शांतपणे म्हणाले, "म्या काई मारत नाई. म्या वाढवतो. मारते तो साहेब." वर गेल्यावर हे उत्तर चालेल याची त्यांना पक्की खात्री होती.

साहेब मोठा गोरा सरकारी अधिकारी. गळाला लागलेला दांडगा मासा तासभर दमवायचा, हा त्याचा नाद. त्यासाठी त्याने आमच्या तळ्याची पाळ उंच करून घेतली आणि मामंजींना धारणीकडे धाडलं, तिथल्या नदीतली महाशीर माशाची पिल्लं आणायला. बैलगाडीत पाण्याच्या घागरी, घागरींत पिल्लं. त्यांना दम लागू नये म्हणून मामंजी वाटभर घागरीत हात घालून पाणी हलवत बसले. सासूबाई परतवाड्याला माहेरी गेल्या होत्या, त्या याच गाडीने परत यायच्या होत्या. त्या आल्या, पण गाडीमागून चालत, कारण गाडीत जागा नव्हती. वर मामंजींनी त्यांना दटावलं की अंतर ठेवून चाल, तुझ्या पायांची धूळ घागरीत जाते. सासूबाई हे मरेपर्यंत हसून सांगत, आणि सांगताना मध्येच कुठे तरी हसायच्या थांबत.

मी तेल्हाऱ्याहून सून म्हणून आले ती कापसाच्या तेजीची वर्षं. विलायतेला आमचा कापूस हवा होता आणि वऱ्हाडात पैसा ओसंडत होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्याला त्याला वावरभर कापूसच पेरायचा होता, त्यामुळे ज्वारी मात्र दिसेनाशी झाली. पैसेवाले महाग घेऊन खात. ज्यांच्याजवळ वावर नव्हतं ते तोंडाकडे बघत. अशा दिवसांत सकाळी उठून मी आधी माशांसाठी ज्वारीचं पीठ मळायची आणि मग घरच्या भाकरीचं. मामंजी माशांचं पीठ स्वतः चाखून बघत. "सूनबाई, मऊ मळजो. त्याइच्या गळ्यात अटकते," असं सांगत. माझ्या भाकरीबद्दल ते कधी बरं बोलले नाहीत आणि वाईटही नाहीत.

तळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भोयांचा संसार चाले. त्यांतला किसना भोई मामंजींचा लहानपणापासूनचा सोबती. पण साहेबाचे मासे आल्यापासून भोयांना जाळं टाकायची बंदी झाली. जाळं पडे ते फक्त मामंजींच्या हुकमाने. तळ्यातले मूळचे मासे महाशीराच्या तोंडचं खात आणि मरळ तर त्याची पिल्लंच गिळी, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी हे सगळे मासे उपसून काढायचे. उपसायचे किसनाने, आणि आमच्या कापसाच्या वावरात खड्डा करून खत म्हणून पुरायचेही त्यानेच. खायला एक शेपूट द्यायची नाही, हा नियम मामंजींचा स्वतःचा. साहेबाने तसं कधी म्हटल्याचं मला ठाऊक नाही.

एका वर्षी किसनाच्या घरी चूल पेटत नव्हती. टोपल्या खड्ड्यापाशी आणल्यावर त्याने हात जोडले. म्हणाला, मजुरी देऊ नका, यांतली एक टोपली द्या, पोरगी दोन दिवस उपाशी आहे. मी न्याहारी घेऊन तिथेच उभी होते. मामंजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने. "देलं असतं गा किसना. पन एकदा चटक लागली का तुमी तळं ठेवत नाई." मग न्याहारीतली अर्धी भाकर त्यांनी किसनाला दिली आणि माती लोटायला सांगितलं. किसनाने भाकर धोतरात बांधली आणि माती लोटली.

त्याच्या बायकोने तिसऱ्या दिवशी तो खड्डा उकरला. उन्हाने तापलेल्या मातीतले ते मासे तिने धुतले, शिजवले, आणि पोरीला देण्याआधी स्वतः खाऊन पाहिले. दुसऱ्या दिवशी ती ओकून ओकून मेली. पोरगी वाचली.

मामंजींना फार वाईट वाटलं. ते दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "आता खड्ड्यात चुना टाकाचा. मंग कोनी उकरन नाई, अन्‌ कोनी मरन नाई." त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी भोयांच्या भल्याचा मार्ग काढला. चुना आणायला पैसेही त्यांनी पदरचे घातले.

भोयांनी गाव सोडून मेळघाटाकडे जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मामंजी पाळीवर गेले. ऊन होतं म्हणून छत्री घेऊन मी मागे गेले. किसनाच्या डोक्यावर जाळं होतं आणि खांद्यावर पोरगी. तो थांबला. रागावला नव्हता.

"बुवा, आमी मासे असतो तं बरं झालं असतं."

मामंजींचे डोळे भरून आले. "हो गा," ते म्हणाले, "मंग म्या तुले एक दिवस उपाशी ठेवलं नसतं."

पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेऊन किसना चालू लागला आणि पुन्हा वळला नाही. मामंजी पाळीवर बसून लहान मुलासारखे रडले. "माहा एकच दोस्त होता, त्यानंही सोडलं मले," असं म्हणत राहिले. अन्याय आपल्यावर झाला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना वाट दिसेना, तेव्हा मीच हाताला धरून त्यांना घरी आणलं. मला त्यांची दया आली. ती का आली, याचा राग मला अजून येतो.