थंडीने चढलेला आकडा

माझी मुलगी जन्मली तेव्हा शहाद्याकडे अशी थंडी पडली होती की केळीचे घडसुद्धा वाढायचे थांबले होते. मला स्वतःला थायरॉईडचा त्रास, रोज उपाशीपोटी गोळी. त्यामुळे डोक्यात एकच भुंगा : पोरीलाही हेच असलं तर? वेळेत कळलं नाही तर मेंदूची वाढ खुंटते, एवढं मी वाचून बसले होते.

बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचं ते दोन-तीन दिवसांनी. पण माझे सासरे, आबा, हाडाचे केळीवाले. निघालेली गाडी रिकामी जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. आमची गाडी नेमकी नंदुरबारला निघाली होती.

"गाडी जाईच ऱ्हायनी ना, मंग रक्त बी देई टाका!"

नर्सबाई नको नको म्हणत होत्या, पण आबांपुढे कुणाचं चाललंय! पोरगी धड डोळे उघडत नव्हती, तोवर तिचं रक्त लॅबच्या वाटेला लागलं.

रिपोर्टमधला थायरॉईडचा आकडा, टीएसएच, भलताच चढलेला. मी हंबरडा फोडला. डॉक्टरीणबाई मात्र चक्क हसल्या. म्हणाल्या, "अगं, पोटातल्या उबेतून बाळ एकदम थंडीत येतं. मग मेंदूखालची ग्रंथी थायरॉईडला हाकांवर हाका मारते. त्या हाकांचाच हा आकडा. मानेजवळच्या खास चरबीतलं एक एन्झाइमही थंडीने कामाला लागतं, साध्या हार्मोनचं कडक हार्मोन करतं, आणि ती चरबी जळून बाळ गरम राहतं. पहिल्या दिवशी आकडा चढणारच. आता पुन्हा तपासू."

एवढ्या व्याख्यानातून आबांनी एकच शब्द उचलला : थंडी. आम्ही घरी पोहोचतो तर काय, अंगणाच्या चारी कोपऱ्यांत केळीची वाळली पानं धुमसतायत! थंडीत बागेला देतात तशी धग आबा घराला देत होते. सासूबाई खोकतायत, म्हैस दावं तोडायला बघतेय, नवरा बादली घेऊन पळतोय.

"आबा, हे काय?"

"केळीले धग देतस, मंग नातले का नही?"

मला असं हसू फुटलं की टाके दुखायला लागले. रडू आणि हसू एकाच वेळी येत होतं, आणि पोट धरून मी ओट्यावरच बसले. पोरगी मात्र धुरात दोनदा शिंकली आणि गाढ झोपली.

दुसऱ्या रक्ताचा रिपोर्ट फोनवर आला. सगळं व्यवस्थित! मी ओरडले, नवऱ्याने मला उचलायचा प्रयत्न केला आणि कमरेला हात लावून खाली बसला. सासूबाईंनी गल्लीभर साखर वाटली. पोरीला पाळण्यातून घेण्यासाठी तर रांगच लागली.

आबा त्या रांगेत नव्हते. ते माझ्या खाटेजवळ येऊन उभे राहिले.

"नातनं तं बरं शे. आते तुन्हं कसं शे, बेटा?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आबांचा हात धरून ढसाढसा रडले.