टाकीच्या तळाचा गाळ

चीनमधल्या लोंगशीच्या औषध कारखान्यात च्याओ सूहुआबाईंचं काम सव्वीस वर्षं एकच. ह्वांगछी या औषधी झाडाच्या मुळांचा काढा टाकीत आला की त्यात स्पिरिट सोडायचं, तळाशी पांढरा चिकट गाळ बसला की वरचा नितळ द्राव पुढे पाठवायचा आणि गाळ गटारात. द्राव म्हणजे औषध, गाळ म्हणजे कचरा, हे सगळ्यांना पाठ. बाईंना मात्र ते कधी पटलं नाही. घरी आई हीच मुळं घालून कोंबडीचं सूप करायची, त्यात कोण स्पिरिट ओतत होतं? सगळं पोटात जायचं. हे त्या येईल त्याला ऐकवत आणि लोक हसत. फान मॅनेजर तर म्हणायचे, "मावशी, रिटायर व्हाल तेव्हा एक पिंपभर गाळ बांधून देतो."

आज तो दिवस आला होता. आणि कधी नव्हे ते प्रयोगशाळेतल्या वेई शिनने गाळ तपासायला घेतला होता. लोखंडाला गंज चढावा तशी शरीराची आतून झीज होते, ती रोखायची ताकद गाळात आहे का, एवढंच बघायचं. काचेच्या नळीतल्या हिरवट-निळ्या पाण्यात नमुना टाकायचा. रंग उडाला तर गाळात दम आहे. नाही उडाला, तर उद्यापासून गाळाची बाजू घेणारं कुणी उरणार नव्हतं.

रंग ढिम्म हलला नाही.

"मावशी, यात काहीच नाही हो," वेई शिन ओशाळून म्हणाली.

"झालं समाधान?" फान दारातून म्हणाले. "चला, तुमच्या निरोपाच्या चहाला सगळे खोळंबलेत."

बाईंनी नळी उजेडात धरली. तळाशी पांढरे कण तसेच पडलेले.

"पोरी, हे कशात कालवलंस?"

"स्पिरिटमध्ये. द्राव तपासतो तसंच."

"अगं शहाणे, स्पिरिट पडलं की जे तळ गाठतं, ते स्पिरिटमध्ये विरघळेल होय? मग मी इतकी वर्षं काय उपसत होते? कोमट पाणी घे, आणि हलवत राहा."

वेई शिन कानापर्यंत लाल झाली. गाळ कोमट पाण्यात हळूहळू विरघळला, भाताच्या पेजेसारखा. थेंब निळ्यात पडले. रंग फिकटला, आणखी फिकटला, आणि बघता बघता नळीत साधं पाणी दिसायला लागलं. वेई शिनने पुन्हा करून पाहिलं, तिसऱ्यांदाही पाहिलं. फान खुर्ची ओढून बसलेच.

"पुढच्या तपासण्या होतील," ते म्हणाले, "पण आजपासून गाळ राखून ठेवायचा."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजलेले, टाकी उपसायची वेळ! रबरी बूट फटफटवत त्या अंगण ओलांडून धावल्या. त्यांच्या जागी आलेल्या दू गुआंगने बादली गटाराकडे कलती केली होती.

"थांब रे, दे ती इकडे."

"मावशी, तुमची ड्यूटी संपली की."

"संपली. दे."

बादली दोन्ही हातांनी धरून त्या प्रयोगशाळेकडे निघाल्या. मागची सव्वीस वर्षं गटारात ओतलेल्या गाळाचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून हसता हसता रडतच त्या जिना चढल्या.