वालूरच्या बैठकीत मी केलेलं भाषांतर

माझ्या मोठ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. पण 'आज ना उद्या बोलंल' हे वाक्य बाबांनी तो मिसरूड फुटायच्या वयाचा झाला तरी सोडलं नव्हतं.

येलदरीच्या अलीकडे आमचं गाव. थोडी शेती, दारात शेळ्या. दादाला परभणीच्या निवासी शाळेत घातलं तेव्हा तिथल्या बाईंनी बाबांना बजावलं होतं, की घरी हातवारे अजिबात करू नका. हातानं काम भागायला लागलं की पोरगं तोंड उघडणार नाही. बाबा तालुक्याच्या साहेबाचं एक वेळ ऐकायचे नाहीत, पण बाईंचा शब्द त्यांनी कायद्यासारखा पाळला. सुट्टीत दादा घरी आला की जेवताना त्याचे हात मांडीवर. 'भाकर' म्हणायचं, मगच भाकरी. तो बिचारा जीव तोडून जे म्हणायचा त्याला भाकर म्हणायला मन मोठं लागायचं, आणि आईचं मन भाकरीपुरतं नेहमीच मोठं असायचं.

ओठ वाचायचेही धडे होते. आता, मामा आणि बाबा हे शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा. ओठ सारखेच हलतात. त्यामुळे मामा आलेत असं सांगितलं की दादा गोट्या टाकून पुस्तक उघडून बसायचा, आणि खरोखर बाबा आलेत असं सांगितलं की दात काढत खाऊ मागायला पळायचा. बाबांना वाटायचं, पोराला आपला फार लळा आहे.

त्याच्या छातीवर ऐकायच्या यंत्राची एक डबी असायची, तिची वायर कानात. कानावर हात झाकला की ती डबी शिट्टी मारते, हा शोध त्याचा त्यानंच लावला. शिट्टी त्याला ऐकू यायची नाही, पण लोक दचकतात ते दिसायचं. देवळात कीर्तन रंगात आलं की दादा भक्तिभावानं कानावर हात ठेवायचा. बुवा थांबायचे, माइकवाला उठून तारा हलवायचा. शेजारी बसलेली मी इतकी गंभीर असायचे की कुणाला संशय येऊ नये.

बाबांची पाठ वळली की घरात वेगळंच राज्य. शाळेत वर्गाबाहेर पोरं हातांनीच बोलायची. ती भाषा दादा दर सुट्टीत घरी घेऊन यायचा, अन् मी ती उचलायचे. तिच्यात माणसांना नावं नसतात, खुणा असतात. बाबा म्हणजे शर्टाचा खिसा चाचपायचा, कारण ते सारखं त्यात काहीतरी आहे का बघायचे. मामा म्हणजे पुढ्यात गोल पोट. माझं नाक लहानपणी बारा महिने वाहायचं, म्हणून मी म्हणजे चिमटीत धरलेलं नाक. मी पुढे कितीही शिकले तरी ते बदलून मिळालं नाही. आईचे हात पिठात असले तर ती कोपरानं बोलायची. बाबा आत आले की तिघांचे हात गप्प आणि चेहरे साळसूद.

मोठा झाल्यावर दादा परभणीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला. ऐकू न येणारा माणूस फोन दुरुस्त करतो याची लोकांना गंमत वाटायची. त्याला लोकांची गंमत वाटायची, कारण निम्म्यांचा आवाज त्यांनी स्वतःच बंद करून ठेवलेला असायचा. व्हिडिओ कॉल आल्यापासून तर तो मराठवाडाभरच्या ऐकू न येणाऱ्या पोरापोरींशी तासन्‌तास बोलत बसे. बाबा लांबून बघायचे आणि म्हणायचे, माशा मारायलाय का काय.

मग लग्नाचं निघालं. बाबांची अट एकच होती, मुलगी ऐकती-बोलती पाहिजे. अशी स्थळं आली तशी गेली. शेवटी मामांनी वालूरचं एक स्थळ आणलं. घर चांगलं, मुलगी बारावी झालेली, फक्त 'थोडं कमी ऐकू येतं'. बाबांनी उलट निरोप पाठवला, की आमच्याकडेही थोडं कमीच आहे.

मामांच्या जीपमधून आम्ही निघालो. मी तेव्हा परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होते; मला मुद्दाम सुट्टी घ्यायला लावली, कारण दादाचं बोलणं लोकांना समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. वाटेभर बाबा दादाकडून एक वाक्य घोकून घेत होते, 'नमस्कार, मी मोबाइल दुरुस्तीचं काम करतो.' दादानं माझ्याकडे बघून हळूच हात हलवले: याला विचार, शेवटी गाणं पण म्हणायचं का?

वालूरला बैठकीत सतरंजी अंथरली होती. दादानं आपलं वाक्य म्हटलं. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि तिनं तिचं म्हटलं, 'नमस्कार, माझं शिक्षण बारावी झालं आहे.' दोन्ही बापांनी दमून श्वास सोडला. ज्यांच्यासाठी ही वाक्यं होती त्या दोघांना सोडून ती सगळ्यांना ऐकू गेली होती.

मोठी माणसं पाऊसपाण्याचं बोलायला लागली तसा दादाचा हात गुडघ्यावर हलला. वाक्य छान झालं, त्यानं खुणेनं म्हटलं, कधीपासून पाठ करतेस? मुलीनं ट्रेच्या आडून उत्तर दिलं, तू तुझं जीपमध्ये पाठ केलंस, ते तुला बघूनच कळलं.

मुलीच्या वडिलांच्या ते नजरेत आलं. त्यांनी मला विचारलं, "काय बोलायलेत ते दोघं?"

मी म्हणाले, शिक्षणाविषयी बोलतायत. त्यांचं समाधान झालं. त्यानंतर मला फुरसत मिळाली नाही. मुलगी खुणेनं म्हणाली, हा पोटवाला माणूस तिसरी बशी खातोय, परत नेणार आहात ना? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, ती म्हणतेय, मामांना पोहे आवडलेले दिसतात, अजून वाढा. मुलीच्या आईचा चेहरा फुलला आणि मामांना चौथी बशी आली. मामा नको म्हणत होते, पण पाहुण्यांच्या घरी नको म्हणायची एक मर्यादा असते. दादा म्हणाला, माझ्या बापानं आतापर्यंत किती वेळा खिसा बघितला? मी सांगितलं, तो म्हणतोय, मुलगी वडिलांचा मान ठेवणारी वाटते.

एवढ्यात मुलीनं स्वतःचं नाक चिमटीत धरलं, माझ्याकडे नजर टाकली आणि दादाला विचारलं, ही नेहमीच इतकं सफाईनं खोटं बोलते का?

माझा हात चहाच्या कपावरच थांबला. ती खूण आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मी दादाकडे बघितलं. दादानं छताच्या पंख्याकडे बघितलं. मग पदराआड मी त्याला दमच भरला तेव्हा त्यानं कबूल केलं. दोघं वर्षभर व्हिडिओ कॉलवर बोलत होती. तिच्या चुलतभावाकरवी हे स्थळ मामांच्या कानावर घातलं होतं ते ह्या दोघांनीच. मामा मात्र आपणच शोधून काढलं म्हणून सकाळपासून ऐटीत होते. मला हसू आवरेना. ठसका लागल्याचं सोंग करून मी पाणी मागितलं.

सगळं असंच हसतखेळत उरकलं असतं, पण मुलीची आई इतका वेळ गप्प होती, ती बोलली. पोह्यांची रिकामी बशी हातात धरून तिनं मला सरळ विचारलं, "बाई, उद्या ह्यांना लेकरू झालं अन् ते रडलं, तर कोण ऐकंल?"

बाबांनाही तोच प्रश्न होता. त्यांची एकच अट त्याच्याच पोटातून आलेली होती. हे मला वळवता येणार नव्हतं. मी शब्दाला शब्द ठेवून दोघांना सांगितलं. दादा काही म्हणायच्या आत मुलीनं ट्रे खाली ठेवला आणि आता आड न धरता, सगळ्यांसमोर, आईकडे वळून दोन्ही हातांनी उत्तर दिलं. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

"ती म्हणतेय, मी लहानपणी रडायचे ते तुला ऐकू यायचं. का रडते, ते कळायचं का?"

तिच्या आईनं हातातली बशी सतरंजीवर ठेवली. मग दादानं सांगितलं, की बाळ रडलं की उशीखाली थरथरणारं, दिवा लागणारं यंत्र मिळतं, आणि नाही मिळालं तर तो स्वतः बनवेल. मी तेही सांगितलं. मुलीच्या वडिलांनी विचार करून कळवतो म्हटलं.

परतीच्या वाटेवर बाबा पुढे बसले होते. मुलगी चांगली आहे, ते म्हणाले, पण जमायचं नाही. दोघंही तसलेच. घरात एक तरी बोलणारं पाहिजे.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "आपुन बोलणारेच होताव की. त्याच्याशी काय बोललाव इतकी वर्सं?"

आई बाबांना असं कधी बोलत नसे. जिंतूर आलं, गेलं. मग बाबा सीटवर वळले. दादाच्या डोळ्यांसमोर त्यांनी आपला रापलेला हात धरला, मागे वालूरच्या दिशेला बोट केलं, छातीवर हात ठेवला आणि भुवया उंचावल्या. खूण अवघडलेली होती, पण बरोबर होती: ती आवडली का? आमच्या साळसूद चेहऱ्यांमागे काय चालायचं ते त्यांनी इतकी वर्षं बघितलेलं होतं, एवढं मला त्या क्षणी कळलं. आईला ते आधीच माहीत असावं, कारण ती जराही दचकली नाही.

दादानं तोंडानं उत्तर दिलं. "हो, बाबा."

पण त्याच्या उच्चारातही बाबा आणि मामा सारखेच. गाडी चालवणारे मामा म्हणाले, "हां, बोल की भाच्या." त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

वालूरहूनही होकार आला आणि लग्न तिथंच झालं. मंगलाष्टकं कधी संपली ते दोघांना अक्षतांच्या माऱ्यावरूनच कळलं. पहिल्या कडव्यानंतर दोघंही डोळे मिचकावत माझ्याकडे बघत होती, अजून किती राहिलंय म्हणून. मी दोन वेळा संपलं म्हणून सांगितलं. दोन वेळा वहिनीनं हार उचलला, दोन वेळा भटजींनी खाली ठेवायला लावला.

आता त्यांना मुलगी आहे. तिला व्यवस्थित ऐकू येतं. दवाखान्यात बाबांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि उत्तर आल्यावर खुर्चीत बसून राहिले. उशीखालचं यंत्र दादानं आणलं, वर स्वतःचा एक दिवा जोडला. तो बाळ रडलं तरी लागतो आणि खाली रस्त्यावर ट्रकनं हॉर्न दिला तरी लागतो. तिनं दूध मागायला हात आधी वापरला, शब्द सहा-सात महिन्यांनी आला. बाबा परभणीला गेले की ती त्यांची खूण चुकली तर त्यांची बोटं धरून नीट करते.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा तिनं दादाच्या दुरुस्तीच्या डबीतले सगळे बारीक स्क्रू पाण्याच्या हंड्यात टाकले होते. वहिनीनं तिला समोर उभं केलं आणि दोन्ही हात उचलून रागवायला सुरुवात केली. पोरीनं डोळे घट्ट मिटून घेतले. आता तिला काही म्हणजे काही सांगता येत नव्हतं. वहिनी हात तसेच हवेत धरून थांबली. बराच वेळ गेला. मग पोरीनं एकच डोळा किलकिला करून बघितलं, हात अजून तिथंच आहेत असं दिसलं, आणि पुन्हा मिटला.